घडवंचीवरचा समुद्र

आमच्या रत्नागिरीच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक घडवंची होती. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घडवंची म्हणजे पाण्याचे हंडे-कळश्या ठेवायची चार पायांची लाकडी बैठक. घरात नळ आला, गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी आली आणि घडवंची माळ्यावर गेली. २०११ साली दिवाळीनंतर मी समुद्राच्या पाण्याची पहिली पेटी करायची ठरवली, तेव्हा मला तिची आठवण झाली. दोन पिढ्या तिने घरातलं पाणी तोललं होतं. आता एका पेटीचं काय, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी एका वाक्यात मोडला. पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. वरचे दोन इंच मोकळे सोडले तरी आत एकशे चाळीस लिटर पाणी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जरा जडच. त्यात काच, वाळू, दगड. सगळं मिळून दोनशे किलोच्या घरात. म्हणजे चांगली तीन माणसं. काका म्हणाले, "अरे, हंडा सकाळी भरतो, संध्याकाळी रिकामा होतो. घडवंचीला उसंत मिळते. तुझा समुद्र कधी उठणार?"

मग घडवंची मोडली. तिचे सागाचे पाय शाबूत होते. पडवीचं छप्पर उतरवलं तेव्हाचे दोन वासे पडून होते, ते कापले. काका समोर खुर्चीवर बसून सूचना करणार आणि हत्यार मी चालवणार, असे सात-आठ रविवार गेले. पेटीच्या चारही कोपऱ्यांखाली सरळ पाय आला पाहिजे. आडवं लाकूड पायात खाच पाडून बसवायचं, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर उतरतो. नुसत्या खिळ्यांवर टांगलेला भार खाऱ्या हवेत किती दिवस टिकणार? शेवटी पाणसळ. एक कोपरा जरासा जरी खाली राहिला, तरी काचेला पीळ बसतो आणि पेटी एखाद्या रात्री जोडातून फुटते. मी पाणसळ चार वेळा लावली, काकांनी पाचव्यांदा लावायला सांगितली.

या रिकाम्या रविवारी, म्हणजे लाकडाला दिलेलं तेल सुकेपर्यंत, मी वाचत बसलो. समुद्र घरात आणायचं हे वेड मुळात कोणाला सुचलं असेल?

पहिलं ठळक नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं निघालं. झान व्हिल्प्रो-पॉवर. फ्रान्समधल्या खेडेगावात १७९४ साली जन्मलेली ही मुलगी पॅरिसला जाऊन कपडे शिवू लागली, एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिने केला, पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिली बेटावर मेसिना इथे राहायला गेली. तिथल्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या जातकुळीतला प्राणी सापडतो. कागदासारख्या पातळ शिंपल्यात तो राहतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की शंखातल्या खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावलेला, यावर विद्वानांचे वाद चालू होते. बाईंनी वाद घातला नाही. १८३२ साली त्यांनी काचेच्या पेट्या करून घेतल्या, समुद्राच्या पाण्यात अर्गोनॉट जिवंत ठेवले आणि बघत बसल्या. पिल्लू स्वतःचं घर स्वतः बांधतं, शिंपला तुटला तर दुरुस्तही करतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. विद्वानांना मानावं लागलं.

पण मेसिनाला समुद्र दारात होता. पाणी खराब झालं, आणलं दुसरं. खरी अडचण समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची. ॲना थिन या बाई लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात राहत, त्यांचे यजमान तिथे मोठे धर्माधिकारी. १८४६ साली टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या असताना त्यांना दगडी पोवळ्यांनी भुरळ घातली. सुईदोऱ्याने ती पोवळी एका स्पंजावर टाचून, बरणीत समुद्राचं पाणी भरून त्यांनी ती लंडनला आणली. आता पाणी बदलायचं कुठून? मग त्यांनी युक्ती काढली. उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं. धार हवेतून पडली की हवा पाण्यात मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रशेवाळ सोडलं आणि पोवळी काही वर्षं जगली, वाढलीही. समुद्रकिनाऱ्यापासून दूर तग धरलेला हा पहिल्या काही समुद्रांपैकी एक.

बाईंनी स्वतः हे सारं लिहून ठेवलं, ते १८५९ साली छापून आलं. त्यात एक गोष्ट त्या जाता जाता सांगून टाकतात. पाणी ओतायचं काम दमवणारं होतं खरं, पण माझ्याकडे एक लहानशी मोलकरीण होती आणि तिला त्याची मजाच वाटायची, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मीही ते जाता जाताच वाचलं. त्याचा अर्थ मला पुढच्या जानेवारीत कळला.

आमच्याकडे तेव्हा वीज कधीही जायची. एका रात्री अकराच्या सुमारास ती गेली आणि पेटीत हवा सोडणारा पंप थांबला. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. बॅटरीवर चालणारा पंप घ्यायचं शहाणपण अजून यायचं होतं. मी तांब्या घेतला. पाणी उचलायचं, हातभर उंचीवरून सोडायचं. पंधरा मिनिटांत खांदा भरून आला. आई उठून आली, काही न बोलता दुसरा तांब्या घेऊन बाजूला उभी राहिली. आळीपाळीने दोन वाजेपर्यंत आमचं हे चाललं. मध्ये मी तिला थिनबाईंची गोष्ट सांगितली. मोलकरणीला मजा वाटायची म्हणे, असं म्हणालो. आईने तांब्या थांबवला नाही. एवढंच विचारलं, "मजा वाटते असं ती पोर म्हणाली, की बाई म्हणाल्या?"

तर, हवेचा प्रश्न असा हाताने सुटत होता. त्यामागचं शास्त्र मांडलं रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ मध्ये त्याने गोड्या पाण्याच्या टाकीत दोन सोनेरी मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. सडकी पानं साचू लागली तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगाई साफसफाई करतात, अशी ती त्रिकोणी व्यवस्था. पुढे समुद्राच्या पाण्यावरही त्याने प्रयोग केले. प्राणी आणि वनस्पती यांचं माप जुळलं की पाणी बदलायची गरजच नाही, हा विचार लोकांना फार आवडला. त्यातच काचेवरचा जाचक कर १८४५ साली इंग्लंडमध्ये रद्द झाला होता आणि काच स्वस्त झाली होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३च्या मे महिन्यात 'फिश हाऊस' उघडलं. काचेतून समुद्राचे प्राणी समोरासमोर बघण्याचा अनुभव लोकांना नवा होता. तोवर मासा दिसायचा तो वरून, किंवा ताटात.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. धर्मनिष्ठ, एकलकोंडा, पण लेखणी आणि कुंचला दोन्ही हातात असलेला निसर्ग-अभ्यासक. १८५३ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या भटकंतीचं त्याचं पुस्तक आलं, १८५४ मध्ये 'द अक्वेरियम'. हा शब्द आजच्या अर्थाने घरोघरी पोचला तो या पुस्तकामुळे. त्यातली समुद्रफुलांची रंगीत चित्रं पाहून माणसं वेडी झाली. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षारांचं कृत्रिम समुद्रजलही तयार केलं. नेहमीचं मीठ, सल्फेट ऑफ मॅग्नेशिया, शिवाय मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड. आज बाजारात मिळणाऱ्या तयार समुद्री मिठाचा हा पणजोबा. विल्यम आल्फर्ड लॉइड याने तर लंडनमध्ये यासाठी दुकानच थाटलं. समुद्राचं पाणी, प्राणी, टाक्या, सगळं एका छपराखाली. दिवाणखान्यात पियानोच्या शेजारी समुद्र असणं हे घरंदाजपणाचं लक्षण ठरलं.

हे वाचून मलाही वाटलं, जमलंच आता. डिसेंबरात समुद्र निवळतो. पावसाळ्यात आमच्याकडचं किनाऱ्याचं पाणी गढूळ तर असतंच, शिवाय नद्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणाही उतरतो. मिरकरवाड्याच्या एका ओळखीच्या नाखव्याने बंदरापासून बरंच आत जाऊन वीस लिटरचे सात कॅन भरून आणून दिले. नवी घडवंची, तिच्यावर थर्माकोलचा पत्रा, त्यावर पेटी. पाणी ओतताना लाकूड एकदाच बारीकसं करकरलं, बस. मिऱ्याच्या डोंगराखालच्या खडपात जाऊन ओहोटीला मी सहा लहान मासे, शंखातले चार खेकडे आणि एक समुद्रफूल आणलं. तिसऱ्या दिवशी पेटी भरली. शेजारपाजारचे बघून गेले.

दहाव्या दिवशी सहापैकी एक मासा उरला. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. पंप चालू होता. मासे मात्र लालभडक कल्ले घेऊन तळाशी पडत होते.

इथे वॉरिंग्टन आणि गॉस यांच्या सुंदर सिद्धांतातली गळती सांगायला हवी. त्यांनी हिशेब धरला तो हवेचा. पण मासा नुसता श्वास घेत नाही, तो अमोनियाही टाकतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात हे विष साठत जातं आणि खाऱ्या पाण्यात ते अधिक बाधतं. समुद्रात ते निस्तरणारे जीवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं बऱ्याच कमी घातक नायट्रेट करते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे काढून दाखवले ते १८९०च्या सुमारास. म्हणजे इंग्लंडमधलं मत्स्यालयाचं वेड ओसरून दोन-तीन दशकं झाल्यावर. ते वेड ओसरलंच होतं. दिवाणखान्यातल्या बहुतेक पेट्या सडल्या, दुर्गंधी सुटली, मग त्यांत नेच्याची रोपं लावली गेली किंवा त्या अडगळीत गेल्या. माणसांनी स्वतःला दोष दिला. त्यांना जे हवं होतं ते दुकानात मिळत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. हे जीवाणू वाळूच्या कणांवर, दगडांच्या भोकांत बसायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर पेटी रिकामी चालवायची. खाऱ्या पाण्याची पेटी करणाऱ्याने पहिला महिना पाण्याकडे नुसतं बघायचं असतं, हे मला पाच मासे गेल्यावर कळलं.

दुकानदार लॉइडचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. जीवाणू त्यालाही ठाऊक नव्हते. पण पाण्याशी रोजची झटापट करून त्याने एक गोष्ट हेरली होती. पुढे तो हॅम्बुर्गच्या आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाचा कर्ता झाला. लोक जिथे उभे राहून मासे बघत, त्या टाक्यांच्या खाली त्याने अंधारात, त्यांच्या कित्येक पट मोठं पाण्याचं तळघर ठेवलं. पाणी सतत वरून खाली, खालून वर फिरतं ठेवायचं, खाली विसावू द्यायचं. शोभा वर, काम खाली. आजही जाणती हौशी मंडळी घडवंचीच्या पोटात दुसरी साधी टाकी ठेवतात, ती हीच युक्ती. मीही नंतर ठेवली. काकांनी खालची जागा मोकळी सोडायला लावली होती, ती चपला ठेवायला उपयोगी पडेल म्हणून!

आता या इतिहासातला तो भाग, जो वाचल्यावर माझा उत्साह बराच उतरला.

गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली 'फादर अँड सन' नावाचं आत्मकथन लिहिलं. लहानपणी तो वडिलांबरोबर डेव्हनच्या खडपांत हिंडायचा. पन्नास वर्षांनी तो लिहितो, की ती निवळशंख तळी आता उरली नाहीत. वडिलांची पुस्तकं वाचून हौशी माणसांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या, हातोड्या-छिन्न्यांनी खडक सोलले गेले, टोपल्या भरभरून प्राणी नेले गेले. आणि ज्याने हे सौंदर्य लोकांना दाखवलं, त्या बापालाच आपण काय करून बसलो याचं दुःख करावं लागलं. त्याचा हेतू नेमका उलटा होता. देवाची करणी लोकांनी जवळून पाहावी, म्हणजे ती माणसं नम्र होतील, असं त्याला वाटत होतं. लोकांनी जवळून पाहिली आणि घरी नेली.

हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर एक मासा आणि एक समुद्रफूल उरलं होतं. बाकीची खडपातली सहा तळी मी आठवली. कुठून काय उचललं होतं ते मला ठाऊक होतं. पुढच्या अमावास्येला ओहोटी मोठी लागली तेव्हा पुन्हा गेलो. कालवं काढणारी एक म्हातारी तिथे कोयती घेऊन बसली होती. मला ओळखून म्हणाली, "परत इलास? अजून व्हये काय?" मी म्हटलं, "नाही आजी, ठेवायला आलोय." समुद्रफूल मी दगडासकट आणलं होतं. ते जिथे होतं त्याच कपारीत ठेवलं. आजी बघत होती. "तां मरूक नाय तर बरां," एवढं म्हणून ती कोयतीकडे वळली. पाच मासे मात्र परत ठेवता येण्यासारखे नव्हते.

याचा अर्थ पेटी करूच नये असा मी घेतला नाही. आमच्या मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. लहानपणी वडिलांचं बोट धरून तिथल्या काचांना नाक लावून मी उभा राहिलो नसतो, तर खडपातल्या माशांना जीव असतो हे मला कदाचित कळलंच नसतं. पाहिल्याशिवाय आस्था येत नाही, हे गॉसचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रश्न फक्त पेटीत काय ठेवायचं आणि ते कुठून आणायचं, एवढाच होता.

त्याचं उत्तरही हळूहळू बदलत गेलं आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहून दाखवलं, की समुद्रातले सजीव दगड, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत जीवाणू आणि बारीक प्राणी भरलेले असतात असे दगड, पेटीत ठेवले तर यंत्रांची फारशी गरज पडत नाही. पद्धत उत्तम, पण तिने पुन्हा जगभर दगड उचलायची चाल पडली. आपल्याकडे २००१ साली दगडी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. अनेक दुकानदारांना आणि त्याहून अधिक गिऱ्हाइकांना याचा पत्ता नसतो. मेलेलं, वाळलेलं पोवळंसुद्धा शोभेसाठी विकत घेणं गुन्हा आहे, हे मी इथे मुद्दाम सांगतो. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पैदास. अमेरिकेत फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्री शोभेच्या माशांची टाकीत पैदास करून विक्री सुरू केली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा त्यांतलाच. आता आपल्या देशातही त्याची पिल्लं टाकीत होतात. त्यासाठी कुठलंच खडप रिकामं करावं लागत नाही.

माझ्या पेटीत नंतर तेच आले. जोडी. वाळू आणली ती नदीची, चुनखडीचे दगड जमिनीवरचे, आणि मग बेचाळीस दिवस रिकामं पाणी. आई रोज विचारायची, "मासे कधी?" आणि रोज सकाळी उडालेल्या पाण्याच्या जागी तांब्याभर गोडं पाणी तीच घालायची. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याची, हे तिला एकदाच सांगावं लागलं. जोडीतली मोठी मादी नऊ वर्षं जगली.

घडवंची अजून आहे. पेटीच्या काठावरून मिठाचे पांढरे ओघळ तिच्या डाव्या पायावर उतरत, तिथलं लाकूड जरा फुगलं आहे. खालच्या पट्टीला मी खाच पाडायचा कंटाळा करून दोन खिळे मारले होते. ते गंजून केव्हाच गेले. सुतारकाका आता थकले आहेत. मागच्या वर्षी आले तेव्हा माशांकडे बघितलंच नाही. वाकून पायांना हात लावून बघितला, ती खिळ्यांची भोकं बोटाने चाचपली आणि विचारलं, "पाणसळ लावतोस ना अधूनमधून?"